तिथीची पाऊणपट

मेहुण्याने होडी घेतली ही बातमी घरात आली, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला, "ठेवणार कुठे?" विरारमध्ये माणसाने काहीही घेतलं तरी हाच प्रश्न विचारतात. कपाट घेतलं तरी, दुसरी स्कूटर घेतली तरी. मेहुणा शांतपणे म्हणाला, "खाडीत." पार्किंगचा प्रश्न इतक्या सहज सुटलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला आणि तिथेच फसलो.

होडी म्हणजे मासेमारीची नव्हे, शिडाची. सव्वीस फूट लांब, फायबरची, तिसऱ्या हातावरची. चौघा मित्रांनी वर्गणी काढून घेतलेली. पैकी दोघांच्या घरून परवानगी मिळाली नाही, म्हणून खलाशी कमी पडले आणि नुकताच निवृत्त झालेला मी त्याला दिसलो. बेत असा होता: वसईहून निघायचं, मुंबईला वळसा घालून मांडव्यापर्यंत जायचं आणि पाचव्या दिवशी परत यायचं.

"अरे, मला पोहता येत नाही," मी म्हटलं.

"भाऊजी, तुम्ही तीस वर्षं विरार लोकलने गेलात ना? मग झालं."

तेव्हा मला ही थट्टा वाटली. पाच दिवसांनी कळलं की माणूस अगदी मुद्द्याचं बोलला होता. शिडाच्या होडीवर राहायला तीनच विद्या लागतात. तिरकं उभं राहणं, तोकड्या जागेत झोपणं आणि बेताच्या पाण्यात आंघोळ करणं. पहिल्या दोन मला लोकलने शिकवल्या होत्या, तिसरी टँकरने.

आता घर दाखवतो. वरच्या फळ्या काढून शिडीने खाली उतरलं की एकच खोली. एका अंगाला शेगडी आणि मोरी, दुसऱ्या अंगाला नकाशे पसरायचं टेबल, पुढे दोन बाकं. दिवसा ती बाकं, रात्री तेच पलंग. नाळेकडच्या त्रिकोणात आणखी दोघांची सोय, पण तिथे पायाकडची जागा निमुळती होत जाते, त्यामुळे झोपलेल्या दोघांची पावलं रात्रभर भांडतात. बाकाची रुंदी दोन फूट. मेहुण्याला वाटलं मी कुरकुर करीन. पण विरार गाडीत चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसून मी मुलांची शिक्षणं केली आहेत. दोन फूट म्हणजे मला बंगला वाटला. तक्रार एकच, उंचीची. आत छत पाच फूट सात इंचांवर होतं आणि मी पाच आठ. त्या एका इंचाने पहिल्याच दिवशी मला इतका नम्र केला की गेटवेला उतरल्यावरही मी दहा मिनिटं वाकूनच चालत होतो.

स्वयंपाकघराची गंमत निराळी. शेगडी दोन खिळ्यांवर पाळण्यासारखी टांगलेली असते. वाऱ्याने होडी कलली तरी शेगडी सरळ राहते. ऐकायला हे छान वाटतं. पण होडी, भिंती, आपण आणि आपल्या हातातला कप असे सगळेच एका बाजूला कललेले असल्यामुळे आपल्याला वाटतं शेगडीच वाकडी झाली आहे. पहिल्या दिवशी मी सरळ उभ्या पातेल्यातला चहा माझ्या समजुतीप्रमाणे सरळ धरलेल्या कपात ओतला. तो मेहुण्याच्या भागीदाराच्या मांडीवर पडला. हा भागीदार बँकेत अधिकारी होता. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून चहा तोच करू लागला. काही कामं अशी आपोआप सुटतात.

पिण्याचं पाणी टाकीत ऐंशी लिटर, माणसं तीन, दिवस पाच. नियम असा की भांडी खाऱ्या पाण्याने घासायची आणि शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. अंगाला साबण नाही. ओला पंचा फिरवायचा आणि त्याला आंघोळ म्हणायचं. इथे मी मेहुण्याचा गुरू झालो. तो ठाण्याचा, त्याच्याकडे चोवीस तास पाणी. डाळ धुतलेल्या पाण्यात बटाटे आणि बटाटे धुतलेल्या पाण्यात हात, ही साखळी त्याला माहीतच नव्हती. पाचव्या दिवशी टाकीत वीस लिटर उरलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते पाहिलं असतं, तर मला शाल-श्रीफळ दिलं असतं.

एक जागा राहिली. होडीतला संडास. त्यात जाण्याआधी एक झडप उघडायची, नंतर बाजूचा दांडा वीस वेळा वरखाली करायचा आणि शेवटी झडप आठवणीने बंद करायची. "विसरलो तर?" मी विचारलं. "तर समुद्र आत येतो," मेहुणा म्हणाला. घरचा गॅस बंद केला का, हे पाहायला मी लोकलमधून फोन करणारा माणूस. त्या झडपेने माझी झोप घेतली.

पण हे सगळं होडीवर पोचल्यानंतरचं. आधी पोचायला हवं. वसईचा किनारा उथळ. ओहोटी लागली की समुद्र इतका लांब जातो की परत येईल की नाही अशी शंका यावी. आदल्या दिवशी सामान चढवायला आम्ही ऐन ओहोटीला पाचूबंदरला गेलो. होडी समोर दिसत होती, मधे चिखल. मी चपला घालून उतरलो. चौथ्या पावलाला माझा पाय वर आला, चप्पल आली नाही. ती अजून तिथेच आहे.

शेजारी वलांडीवर बोंबील वाळत घालणारा एक म्हातारा नाखवा हे सगळं पाहत होता. त्याने विचारलं, "उद्या कवा निंगताव?" मेहुण्याने मोबाइल काढला, त्यातलं भरती-ओहोटीचं ॲप उघडलं, नेटवर्कसाठी हात वर करून दोन फेऱ्या मारल्या. तोवर म्हाताऱ्याने बोंबलांची एक ओळ संपवली होती. "उद्या पुनव ना? मंग सव्वाअकरा," तो म्हणाला. ॲप उघडलं तेव्हा त्यात साडेअकरा निघाले. पंधरा मिनिटांचा फरक होता खरा, पण नाखव्याला चार्जिंग लागत नव्हतं.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि दिवसातून दोनदा येते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे हाच आकडा चालतो. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे. उभ्या आयुष्यात मी कॅलेंडरवर दोनच गोष्टी पाहिल्या, सुट्ट्या आणि संकष्टी. त्या खाली छापलेली तिथी म्हणजे समुद्राचं टाइमटेबल आहे, हे मला साठीत कळलं. आणि हे टाइमटेबल असं की त्यात मेगाब्लॉक नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला सव्वाअकराला निघालो. सोबत दिवाळीचा उरलेला फराळ, आगाशीची सुकेळी आणि सौभाग्यवतींनी दिलेली आलेपाकाची पुडी. समुद्राच्या हवेत चिवडा पहिल्या तासात सादळला. सुकेळी मात्र पाच दिवस जशीच्या तशी राहिली. वाळवलेलं केळं हा पदार्थ कुणा गलबतवाल्याच्या बायकोनेच शोधून काढला असणार.

किल्ल्याची तटबंदी मागे सरकू लागली तसा भागीदार इतिहासात शिरला. मला तेव्हा जाणवलं की वसईच्या इतिहासातले दोन्ही मोठे घोटाळे समुद्रामुळे झाले आहेत. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली, तो तह झाला गलबतावर. 1802 च्या डिसेंबरात दुसरा बाजीराव कोकणातून समुद्रमार्गे वसईला आला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांच्या कागदावर सही करून बसला. इतिहासकार याची राजकीय कारणं देतात. पण होडीत दोन तास घालवल्यावर मला दुसरीच शंका आली. बोट लागलेल्या माणसापुढे कुठलाही कागद ठेवावा, तो सही करतो. मी स्वतः त्या अवस्थेत आमचा फ्लॅट कुणाच्याही नावावर केला असता. चिमाजी अप्पा 1739 साली जमिनीवरून वसईला आले. ते जिंकले, यात मला आता काही आश्चर्य वाटत नाही.

बोट लागण्यावर प्रत्येकाकडे औषध असतं. एक म्हणतो पोट भरलेलं हवं, दुसरा म्हणतो रिकामं. एक म्हणतो लिंबू हुंगा, दुसरा म्हणतो क्षितिजाकडे बघा. मी आलेपाक खाऊन, लिंबू हुंगत, क्षितिजाकडे बघत होतो आणि क्षितिज माझ्याकडे बघून वरखाली होत होतं. शेवटी मेहुण्याने माझ्या हातात सुकाणू दिलं. आश्चर्य म्हणजे पाच मिनिटांत बरं वाटलं. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, तसंच हे. मग मी सुकाणू सोडलंच नाही.

वेग मात्र विचारू नका. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर. फास्ट गाडी ते दीड तासाच्या आत कापते, आणि तरीही आपण मोटरमनला नावं ठेवतो. वसईच्या खाडीपासून गेटवेपर्यंतचं पाणीही जवळपास तेवढंच. बरा वारा असला तर आमची होडी ताशी चार सागरी मैल चालते, म्हणजे साडेसात किलोमीटरच्या आत. या वेगाने कुणी रस्त्यावरून धावला तर त्याला धावणं म्हणत नाहीत. गोराईचा सोनेरी पॅगोडा एक वाजता समोर दिसला. दोनला तो समोरच होता. तीनला पाहिलं, तर किंचित मागे. लोकलमध्ये स्टेशनं येतात आणि जातात. इथे एकच स्टेशन दोन तास पुरतं.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई. परीक्षेत दोन गुणांना उलटसुलट लिहिले होते. इथे उलटसुलट करण्याची सोय नव्हती. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला आणि त्याने आम्हाला पाठीवर हात ठेवून दक्षिणेला नेलं. शीड फुगलं, दामण आवळली, होडी एका कुशीवर कलली. भागीदार घाबरून वरच्या बाजूला सरकला. मी मात्र दाराच्या दांड्याला धरून उभं राहावं तसा निवांत. भाईंदरच्या पुलावर गाडी याच्यापेक्षा जास्त हलते.

रात्री नऊला प्राँग्जच्या दीपस्तंभाला वळसा घालून गेटवेसमोर नांगर टाकला. दुसऱ्या दिवशी गस्तीची एक बोट जवळ आली. "कुठून आलात?" वसई. "कुठे जाणार?" मांडवा. "कशासाठी?" या तिसऱ्या प्रश्नावर तिघेही गप्प. मेहुणा म्हणाला, "असंच." गणवेशातल्या तरुणाने आमचे कागद पाहिले, मग आमच्याकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने सांगितलं, "काका, इथून लाँच आहे. तासाभरात पोचवते."

मांडव्याहून परतीचा प्रवास म्हणजे सासुरवाडीहून परतणं. ज्या वायव्य वाऱ्याने नेताना लाड केले, तोच आता समोर. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. एकदा आडवं समुद्राकडे जायचं, मग वळून आडवं किनाऱ्याकडे यायचं, अशी नागमोडी चाल. चार तास राबल्यावर नकाशावर पाहिलं, तर सकाळी ज्या इमारतीला ओलांडलं होतं, तीच पुन्हा आडवी आली. त्या इमारतीच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. ते वाळून काढले गेले तरी आम्ही तिथेच.

अशाच एका वळणावर मच्छीमारांची एक ट्रॉलर वेगाने आमच्याकडे आली. पुढे उभा असलेला तांडेल ओरडला, "इंजिन बंद परलंय का?"

"नाही, चालू आहे," मेहुणा म्हणाला.

"मग शीड कशाला लावलाय?"

मेहुण्याने त्याला शिडाचं सुख समजावून सांगायला सुरुवात केली. शांतता, वारा, डिझेलचा वास नाही. तांडेलाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आमच्या बापाशीनं शीड वढून वढून खांदं मोरलं. वारा परला का वल्ही मारत यायचं, तवर म्हावरा नासायचा. कर्ज काढून इंजिन बसवलं, तवा त्यानं शीड घरी नेऊन पावसात छपरावर घातलं. तुमी पैसं देऊन परत लावताव?" त्याने खलाशाला खूण केली. खलाशाने चार बांगडे आमच्या होडीत टाकले. भुकेल्या माणसाला द्यावे तसे. पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो नाही. बांगडे मात्र उत्तम होते.

त्या रात्री मढच्या आडोशाला थांबलो. नांगरावरची रात्र निवांत असते असा माझा समज होता. वर डोलकाठीवर एक सैल दोरी टक टक वाजत असते. खाली पाणी फळीला चापट्या मारत असतं. रात्री दोनला मी झडप पाहायला उठलो आणि वर डोकं काढलं, तर झोपताना उजवीकडे असलेले वर्सोव्याचे दिवे डावीकडे. "उठा! आपण वाहत चाललोय!" मी आरोळी दिली. मेहुणा धडपडत उठला, त्याने नांगराची दोरी पाहिली, दिवे पाहिले आणि परत आडवा झाला. "भाऊजी, ओहोटी संपून भरती लागली. होडी नांगराभोवती फिरली. आपण आहोत तिथेच आहोत." पाच दिवसांत इतकं खरं वाक्य दुसरं ऐकलं नाही.

तिथे पडल्या पडल्या मला दिलीप दोंदे आठवले. नौदलातले कमांडर दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकटेच शिडाच्या होडीतून निघाले आणि चार बंदरांत थांबत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून मे 2010 मध्ये परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' 56 फूट लांब; गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. नऊ महिने एकटा माणूस. मला त्यांच्या धैर्यापेक्षा एकाच गोष्टीचा हेवा वाटला. त्यांच्या होडीत चहा कुणाच्या मांडीवर सांडणार?

पाचव्या दिवशी संध्याकाळी वसईच्या खाडीत शिरलो. उजेड होता, घर दिसत होतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण मेहुण्याला आत रेल्वेच्या पुलापर्यंत जाऊन फोटो काढायचा होता. साडेसहाला पाणजू बेटाच्या अलीकडे होडी एकदम मऊ गादीवर बसावी तशी थांबली. इंजिन उलटं फिरवलं, चिखल ढवळला, होडी हलली नाही. पाणी मात्र हलत होतं. ते निघून चाललं होतं. सातपर्यंत आम्ही कललो, आठपर्यंत आडवे झालो. भिंत जमीन झाली, बाक भिंत झालं. शेगडी तेवढी सरळ होती.

समोर पुलावरून दर तीन-चार मिनिटांनी विरार गाडी जात होती. दारात लोंबणारी माणसं आमच्याकडे पाहत होती. एका डब्यातून भजनाच्या टाळांचा आवाज पाण्यावरून आला आणि एका खिडकीतून निर्माल्याची पिशवी. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या गाडीच्या ग्रुपमधला जुना सोबती. "अरे, नायगावच्या अलीकडे एक होडी आडवी पडलीय, ती तुमची काय रे?" तीस वर्षं त्या पुलावरून जाताना खाडीत कुणी अडकलेलं दिसलं की मीही असाच आनंदाने फोन करत असे.

कालवं काढून परतणारी एक म्हातारी चिखलातून आमच्याजवळून गेली. तिच्या पायात चप्पल नव्हती, म्हणून ती चालू शकत होती. तिने होडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"आज चवथ हाय," ती म्हणाली. "तीनला भरली, बारापातूर बसा."

मी मनात हिशेब केला. चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. तीनला भरलेलं पाणी सव्वानवाला तळ गाठणार आणि साडेसहाला जिथे होतं तिथे परत यायला बाराच्या आसपास. गणित बरोबर होतं. बारा वाजायला पाच मिनिटं असताना होडी एकदा कुरकुरली, हळूच उभी राहिली आणि तरंगायला लागली. रो-रोच्या धक्क्याकडचे दिवे लागलेले होते. 2024 पासून ही फेरी वसई आणि भाईंदरला जोडते; रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर पडतं ते अंतर पाण्यातून साडेतीन किलोमीटर. गाडीसकट पलीकडे जाऊन घरी परतलेली माणसं एव्हाना झोपली होती.

आता घरी कुणी विचारलं, आज कोण तिथी, तर सौभाग्यवतींच्या आधी मी सांगतो. त्यांना वाटतं मी देवाला लागलो.

येत्या रविवारी अष्टमी आहे. मेहुण्याला परत जायचं आहे आणि एक जागा रिकामी आहे, कारण भागीदाराला घरून परवानगी नाही. यायचं असेल तर पहाटे साडेपाचला पाचूबंदरला या. भरती सहाला. पाण्याची बाटली आणा, आलेपाक मी आणतो. चपला घालून येऊ नका.